जमनाअम्माच्या मागे म्हणताना

अमेरिकेत, पार्सिपनीच्या त्या अपार्टमेंटमध्ये आमच्या पायांखाली कुणीतरी गायचं. आम्ही वरच्या मजल्यावर, ते खालच्या. मध्ये लाकडी फळ्या आणि त्यांवर तपकिरी कार्पेट, बस्स. खाली कुणी खुर्ची सरकवली तरी वर कळायचं. दुपारी शाळेतून येऊन मी दप्तर टाकायची आणि खालून एका बाईचा आवाज सुरू व्हायचा. खणखणीत, जरा पुरुषी, आणि शब्द एकही न कळणारे. आवाज एक ओळ म्हणायचा आणि थांबायचा. मग पुन्हा तीच ओळ आणि पुन्हा थांबायचा. पुढे काही नाहीच. कुणीतरी अर्धा जिना चढून उभं राहिलंय आणि वर येत नाहीये, असं मला वाटायचं. मी जन्मजात भित्री. मला ते गाणं ऐकवतही नसे आणि ते बंद पडलं की त्याहून जास्त भीती वाटायची.

बाबांची त्या वर्षी रात्रपाळी होती. कुठल्याशा विमा कंपनीची मोठमोठी कॉम्प्युटर मशीन्स रात्रीच सांभाळायची असत, त्यामुळे ते दिवसा झोपायचे. आईने आठवडाभर कळ काढली आणि मग मला खाली पिटाळलं. "जा, सांग त्यांना, जरा हळू म्हणा म्हणावं. नीट सांग हं, भांडू नकोस." मी आणि भांडणार! मी दारासमोर पाच मिनिटं उभी होते. बेल न दाबताच दार उघडलं. उंच, गोरी, पांढरी सलवार-कमीज घातलेली म्हातारी बाई, डोक्यावर ओढणी, एका हातात लाटणं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वरची काय तू? मराठी?"

मी मान हलवली.

"मग ये ना आत. दारात काय उभी राहते? मी पन्नास साल उल्हासनगरला काढलं, मराठी येतं मला. गाता येतं तुला?"

मी म्हणाले, नाही. ती म्हणाली, "चांगलं. ज्यांना येतं त्यांना शिकवायला लई त्रास." आणि माझ्या हातावर एक जाड, कांदा घातलेली, तुपात खरपूस भाजलेली पोळी ठेवली. त्याला कोकी म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. वर जाऊन आईला निरोपाचं काय झालं ते सांगायला मी विसरले. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेतून थेट खालीच जाऊ लागले. बाबांनी कानात कापूस घालून झोपायला सुरुवात केली.

ती जमनाअम्मा. तिचा मुलगा हरीशकाका एका औषध कंपनीत होता, सून रेश्माकाकू बँकेत. दोघं सकाळी सातला बाहेर पडायची ती संध्याकाळी सहाला यायची. दिवसभर घरात अम्मा एकटी, गुरगुरणारे हीटर आणि देवघरात माशावर बसलेला झुलेलाल, सिंध्यांचा पाण्याचा देव. मला ती नुसतीच शेजारची आजी वाटायची. ती कोण होती हे तिनेच मला सांगितलं, तेही असं, की जणू भाजीचे भाव सांगत्येय. तिचा बाप सिंधमध्ये भगत होता. म्हणजे पायात घुंगरू, अंगात घोळदार झगा घालून गावोगाव रात्रभर उभ्याने गाणारा. मुलींनी हे गायचं नाही असा दंडक, पण ही चुलीपाशी बसून सगळं ऐकायची. चौदा वर्षांची असताना कराचीहून बोटीने मुंबईला आली, तिथून कल्याणजवळ लष्कराच्या ओसाड बराकींत. बापाचा आवाज बोटीवरच बसला तो पुन्हा कधी उठला नाही. "पाणी सोसलं नाही त्याला," ती म्हणायची. त्या बराकींत कुणाचं तरी लग्न निघालं, लग्नाची गाणी म्हणणारी बाई तापाने पडली, आणि कुणीतरी म्हणालं, भगताच्या पोरीला येत असेल. तोंडावर ओढणी घेऊन ती गायली. मग चाळीस वर्षं गातच राहिली. आधी लग्नं, मग रेडिओ, मग कॅसेटी, मग अजमेर, इंदूर, दुबई, हाँगकाँग. तिच्या एका कॅसेटचं कव्हर तिने मला दाखवलं. गुलाबी पडद्यापुढे बसलेली तरुण बाई, नजर कॅमेऱ्याकडे नाही, बाजूला कुणाकडे तरी. "कुणाकडे बघताय?" मी विचारलं. "मागं म्हणणाऱ्या बायांकडं," ती म्हणाली. "फोटोवाला म्हणे इकडं बघा. मी कशी बघणार? त्यांनी ओळ सोडली तर?"

तिच्या गाण्याची सगळी मेख ह्यातच होती. ती एक ओळ म्हणायची, ती ओळ मागच्या बायकांनी तशीच्या तशी परत द्यायची, आणि मगच ती पुढची ओळ घ्यायची. बाबा म्हणाले, आपल्या पोवाड्यात झीलकरी असतात तसंच की. पण अम्माचं जरा वेगळं होतं. तिचा बाप चालत गायचा. गोलात फिरत एक ओळ म्हणायची, उभं राहायचं, ओळ परत आली की दोन पावलं पुढे. परत आलेली नसताना पाऊल टाकलं तर गाणं मोडलं. अम्माही घरात तशीच गायची. सोफ्यापासून निघायची, ओळ म्हणून थांबायची, मी ओळ दिली की दोन पावलं. खिडकीशी पोचेपर्यंत एक गाणं व्हायचं. मी चुकले तर ती वळून माझ्याकडे यायची आणि माझ्या दंडाला धरून ओळ पुन्हा म्हणून घ्यायची. ताल ती रंगाच्या रिकाम्या बादलीवर धरायची. खरं तर मातीचा घडा हवा, पण तो विमानात फुटला. ती बादली कॉम्प्लेक्सची देखभाल करणाऱ्या माणसाने दिली होती. बोटातली अंगठी बादलीवर आपटून ती असा नाद काढायची, की वर आईच्या कपाटातली भांडी थरथरायची.

शब्दांचा अर्थ मला अर्धामुर्धाच कळायचा, पण आवाजाला आवाज लावला की पोटातली भीती जरा वेळ जायची. मला त्या देशात सगळ्याचीच भीती होती. शाळेतल्या डायनिंग हॉलची, लॉकरच्या आकड्यांची, डब्यातल्या पोह्यांना वास येतो म्हणणाऱ्या मुलींची. अम्माच्या खोलीत मात्र मी कामाची होते. माझ्यावाचून तिचं पाऊल पुढे पडत नव्हतं. पंधरा वर्षांच्या मुलीला आणखी काय हवं?

आणि म्हणूनच, तिला विसरायला होतंय हे लक्षात आलं तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही.

पहिल्यांदा ते झालं शेजारच्या गावातल्या एका शाळेच्या जिममध्ये, चेटीचंडच्या कार्यक्रमात. सिंधी लोकांचं ते नवीन वर्ष. तीनेकशे माणसं, बास्केटबॉलच्या जाळीखाली स्टेज, ताहिरी म्हणजे गोड भात शिजल्याचा वास. अम्माने मला मागे बसवलं होतं, बरोबर चार-पाच काकू. तिसरं कडवं झालं. ते पुन्हा झालं. आणि पुन्हा. काकू देत राहिल्या, त्यांना वाटलं रंगात आल्यात. पण मी अम्माची मान बघत होते. मानेमागची शीर ताठ झाली होती. चौथ्यांदा तेच कडवं यायच्या आत मी, जी कधी पहिली तोंड उघडत नसे, ती पुढच्या कडव्याची सुरुवात एकटीने म्हणाले. मागे म्हणणाऱ्याने पुढची ओळ घेणं म्हणजे घोर पाप. अम्माने वळून बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. माझ्यासारखीच, अगदी ओळखीची. मग तिने ते कडवं उचललं आणि हॉलने टाळ्या वाजवल्या. घरी येताना गाडीत हरीशकाका म्हणाले, "अम्मा, आज तो कमाल हो गई."

मग एकदा जिन्यात मी ऐकलं. काका आणि काकू गाडीतून सामान काढत होते, मी वरच्या पायरीवर बुटाची नाडी बांधत होते. काका म्हणत होते, "डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? एकटं ठेवू नका. तू जॉब सोडू शकत नाहीस, मी सोडू शकत नाही. अजून एक काही झालं ना, तर तिकडेच काहीतरी बघावं लागेल. तो आश्रम आहे ना कल्याणजवळचा." काकूंनी डिकी बंद केली. मी जिन्यावर इतकी गप्प बसले, की पायाला मुंग्या आल्या. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट कळत होती. अजून एक काही व्हायचं नाही. झालं तरी कळायचं नाही.

मग मी पहारा द्यायला लागले. शाळेतून आले की आधी नाक वर करून वास घ्यायची. एकदा दूध जळून पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं, आणि ज्योत अजून चालूच. अम्मा सोफ्यावर बसून हलक्या आवाजात गात होती. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, धूर सांगणाऱ्या त्या भोंग्याखाली वहीने वारा घातला, आणि पातेलं पिशवीत घालून कचऱ्याच्या मोठ्या डब्यामागे ठेवून आले. संध्याकाळी रेश्माकाकूंनी विचारलं, "अगं, ते छोटं पातेलं पाहिलंस का?" मी म्हणाले, आईने नेलंय, उद्या आणून देते. मग आईचंच एक पातेलं आईला न विचारता खाली नेऊन ठेवलं. आईने घर उलथंपालथं केलं. अजूनही, आज कॅरी गावात माझ्या स्वतःच्या घरी, मी बाहेर पडताना शेगडीची बटणं तीन वेळा बघते. माझी मुलगी गाडीतून ओरडते, "मॉम, यू चेक्ड! ट्वाइस!" तिला काय सांगणार?

आता त्या तळ्याचं सांगते. सांगायचं टाळत होते, पण त्यासाठीच तर हे लिहायला बसले आहे.

कॉम्प्लेक्सच्या मागे एक तळं होतं, आमच्या बाल्कनीतून दिसायचं. उन्हाळ्यात त्याच्या मधोमध कारंजं उडायचं, काठावर बदकं आणि त्यांची घाण. दर महिन्याला नवा चंद्र दिसला की अम्मा वाटीत तांदूळ आणि साखर घेऊन पाण्याशी जायची. त्याला आखो म्हणायचे. आखो पाण्याला द्यायचा, मग ओढणीचा पदर पसरून पाण्याच्या देवाकडे घरादारासाठी मागायचं. काका म्हणायचे, अम्मा, सिंकमध्ये घाल ना, पाणीच आहे. अम्माला ते पटायचं नाही. "सिंकमध्ये मासे आहेत काय?" आखो माशांच्या तोंडी लागला पाहिजे. त्यामुळे चंद्राच्या दिवशी मी तिला हाताला धरून तळ्यापर्यंत न्यायची. मला ते आवडायचं. तांदूळ तळाशी जायचे आणि छोटे काळे मासे यायचे.

मग हिवाळा आला आणि तळं गोठलं. जानेवारीच्या चंद्राला आम्ही गेलो तर सगळं पांढरं. अम्माने खाली वाकून बर्फावर आखो ठेवला. तांदूळ तसेच पडून राहिले. ती बघत राहिली, बघतच राहिली, आणि मग रडायला लागली. मोठी माणसं रडली की मला काही सुचायचं नाही. पायांत गारवा चढत होता, तिचे हात निळे पडले होते, मला फक्त तिला घरी न्यायचं होतं. म्हणून मी म्हणाले, "अम्मा, ते बघा ना, तिथे मध्ये. तिथे पाणी आहे. मासे तिथे गेलेत सगळे." आणि खरंच होतं ते. कारंज्याच्या जागी पाण्याखालून हवा सोडणारं यंत्र हिवाळाभर चालायचं, त्यामुळे बरोबर मधोमध एक काळा गोल उघडा होता आणि त्यातून वाफ निघत होती. अम्माने डोळे पुसले, तिकडे पाहिलं आणि मान हलवली. "हां. तिथं आहे." आम्ही घरी आलो. मला वाटलं, काय छान समजूत घातली मी.

पुढच्या चंद्राला मी शाळेतून आले ती नेहमीसारखी मागच्या वाटेने. साडेतीन वाजले असतील. ऊन होतं, पण नुसतं दिसायला. तळ्यापाशी येताच मला आधी आवाज ऐकू आला. मग ती दिसली. तळ्यावर. काठापासून चांगली तीस-चाळीस पावलं आत. हरीशकाकांचं काळं जाकीट, पायांत घरातल्या स्लिपर, डोक्यावर ओढणी, दोन्ही हातांत वाटी. समोर तो काळा गोल, वाफ काढणारा. ती गात होती. एक ओळ म्हणून उभी राहिली.

मी काय केलं? मी ओळ परत दिली.

विचार करून नाही. इतक्या महिन्यांची सवय, तोंड आपोआप उघडलं. माझा आवाज बर्फावरून सरळ तिच्यापर्यंत गेला, आणि तिने दोन पावलं पुढे टाकली. पायाखाली काहीतरी कण्हल्यासारखं वाजलं, लांबवर, तळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत. मी ओरडले, "अम्मा! थांबा! परत या!" तिने ऐकलंच नाही. गाताना तिला गाण्याबाहेरचं कधीच ऐकू यायचं नाही, दारावरची बेलसुद्धा नाही. तिने पुढची ओळ म्हटली. आणि थांबली.

तेव्हा मला कळलं. मी ओळ दिली तर ती चालेल. नाही दिली तर उभी राहील. एवढंच माझ्या हातात होतं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. हातमोज्यांचा लोकरीचा वास, त्यात माझे अश्रू, नाकातून येणारं पाणी. ओळ माझ्या घशापर्यंत आली होती, खरंच सांगते, खोकल्यासारखी ती आत उसळत होती. अम्माने ओळ पुन्हा म्हटली, जरा जोरात. तिच्यापुढे तो गोल दहा-बारा पावलांवर होता. तिथलं बर्फ पांढरं नव्हतं, राखाडी होतं, ओलं. आजूबाजूला कुणी नाही. धावत जाऊन कुणाला बोलवावं तर पाठ फिरवायची भीती. बर्फावर जावं तर पाय हलत नव्हते. हे मी पुष्कळ वर्षं स्वतःपासून लपवलं. नंतर सगळे म्हणाले, किती शहाणपणा केला मुलीने, बर्फावर नाही गेली. शहाणपणा कसला? मला पाय नव्हतेच त्या वेळी.

तिसऱ्यांदा तीच ओळ आली. आता त्यात राग होता. लग्नाच्या मांडवात चाळीस बायकांनी एकदम तोंड मिटलं तर येईल तो राग. मग शांतता. यंत्राचा बुडबुड आवाज तेवढा. आणि अम्मा वळली.

तिने मला पाहिलं. ओळखलं की नाही, देव जाणे. पण मागे म्हणणारीने ओळ सोडली हे तिला कळलं होतं, आणि अशा मुलीचा दंड धरायला हवा होता. वाटी छातीशी धरून ती माझ्याकडे यायला लागली, तरातरा, स्लिपर घसरत होत्या, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. प्रत्येक पावलाला बर्फ बोलत होतं. मी तोंडावरचे हात काढले नाहीत. काठापासून चार हातांवर कडकन आवाज झाला आणि तिचा डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तिथे पाणी उथळ होतं, चिखल होता. तिला ते नवलही वाटलं नाही. मी पालथी पडून तिची ओढणी, जाकीट, जे हाताला लागलं ते ओढलं. ती काठावर आली, उभी राहिली, आणि तिने माझ्या थोबाडीत मारली. मग दंड धरून तिने ती ओळ म्हटली. मी काठावर, चिखलात गुडघे टेकून ती परत दिली. तिचं समाधान झालं. "आता बरोबर," ती म्हणाली. तिच्या हातातल्या वाटीतला एक दाणासुद्धा सांडला नव्हता.

घरी नेऊन मी तिचे पाय कोमट पाण्यात ठेवले, मोजे चढवले, चहा दिला. सहा वाजेपर्यंत मी स्वयंपाकघराच्या जमिनीवर तिच्यासमोर बसून होते. ती मध्येच मला म्हणाली, "पुट, थंडी वाजते काय तुला? किती कापतेस!" पुट म्हणजे बाळ. तिला काहीच आठवत नव्हतं.

काका-काकू आल्यावर मी सगळं सांगितलं. जिममधलं कडवं, पातेलं, तळं. बोलता बोलता मला हुंदके आले, आणि मी म्हणाले, तिला आश्रमात पाठवू नका, माझी चूक आहे, मी लपवलं. काका सोफ्यावर मटकन बसले. "पातेलं मी पाहिलं होतं," ते म्हणाले, "डम्पस्टरमागे. मला वाटलं रेश्माने टाकलं. मी काही बोललो नाही."

रेश्माकाकू अजून कोट घालूनच उभ्या होत्या. "अम्मा दोनदा त्या बाजूच्या बिल्डिंगमध्ये गेल्या होत्या. तिथल्या बाईने मला ऑफिसात फोन केला. मी लंचमध्ये येऊन घरी आणून सोडलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तिकडे पाठवलं असतं."

अम्मा स्वयंपाकघरातून विचारत होती, कढीला कोकम टाकलं का कुणी.

त्यांनी तिला पाठवलं नाही. दाराला वरच्या बाजूला, तिचा हात पोचणार नाही अशी कडी बसवली. दिवसा एक गुजराती मावशी यायला लागल्या. काकांनी माझ्या आईबाबांसमोर माझे आभार मानले, मला एक घड्याळ दिलं. मी सगळं कबूल केलं होतं, एक सोडून. मध्ये पाणी आहे हे तिला कुणी दाखवलं, ते मी सांगितलं नाही. आईला नाही, पुढे नवऱ्यालाही नाही. ते आज पहिल्यांदा कागदावर येतंय. अम्मा विसरायची सगळं, नवऱ्याचं नाव, सुनेचं नाव, जेवली की नाही ते. माझं ते एक वाक्य तेवढं तिने महिनाभर डोक्यात जपून ठेवलं.

त्यानंतर मी खाली गेले नाही. आधी सर्दी झाली होती, मग परीक्षा, मग सवय मोडली. ही कारणं. खरं कारण, मी घाबरले होते. दुपारी खालून ओळ यायची आणि थांबायची. मी वर टेबलाशी गणिताचं पुस्तक उघडून बसलेली असायची आणि माझे हात आपोआप तोंडावर जायचे. मी ओळ दिली तर ती चालायला लागेल, असंच मला वाटायचं. दार कडीबंद आहे, मावशी आहेत, सोफ्यापासून खिडकीपर्यंत जाऊन जाऊन ती जाणार किती, हे मला आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं असंही नाही.

एका संध्याकाळी हरीशकाका वर आले. दारातच उभे राहिले, बूट काढले नाहीत. आईने आत या म्हटलं तरी आले नाहीत. "बेटा, फाइव्ह मिनिट्स येशील खाली? सकाळपासून ती एकाच ओळीवर अडकलीये. जेवत नाहीये. मागचं कुणी दिलं की पुढे जाईल असं वाटतं."

आई माझ्याकडे बघत होती.

"उद्या टेस्ट आहे, काका," मी म्हणाले.

"अच्छा. नो, नो, मग अभ्यास कर तू. अभ्यास फर्स्ट." ते हसले आणि जिना उतरले. थोड्या वेळाने खालून अम्माची ओळ आली, थांबली, आणि मग हरीशकाकांचा आवाज ऐकू आला. त्या माणसाला मी कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. ते ओळ परत देत होते, बेसूर, अडखळत, मोठ्याने. अम्मा मध्येच म्हणाली, "तू नको." आणि तिने तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

दुसऱ्या दिवशी माझी कसलीही टेस्ट नव्हती.